खोटवही

मंडळ अकराला बसणार होतं आणि दादाने सगळ्यांना साडेनऊलाच मनोरुग्णांच्या इस्पितळात आणून बसवलं होतं. हा माणूस आयुष्यात कधी कुठे वेळेवर पोहोचलेला नाही. स्वतःच्या लग्नालाही तासभर उशिरा आला होता, आणि वहिनी ते अजून ऐकवतात. आज मात्र गाडी लावायला जागा मिळायची नाही, या सबबीवर त्याने आठलाच घराला कुलूप घातलं. धाकट्या बहिणीला, धाकटीला, खरं कारण ठाऊक होतं. दादाला घरी बसवत नव्हतं. बसवत इथेही नव्हतं, पण इथे निदान सगळेच तसे होते.

त्यांच्या बहिणीला, भिंगरीला, इथे आणून सत्तावीस दिवस झाले होते. त्या दिवशी दुपारी घरच्या कापडाच्या कारखान्यात आगीची नवी घंटा बसवली आणि बसवणाऱ्याने ती वाजवून बघितली. भिंगरीला कुणी आधी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम दादाचं, आणि दादा विसरला. बरं, वाजवली तर वाजवली, पण त्या गृहस्थाला ती बंदच करता येईना. अकरा मिनिटं घंटा ठणाणा करत राहिली. भिंगरी कान दाबून, डोळे मिटून दाराकडे धावली. बाहेर ट्रकचा रस्ता, म्हणून वहिनी दारात आडव्या झाल्या, आणि त्या रेटारेटीत पायरीवरून खाली पडल्या. मनगट मोडलं. समोरच्या दुकानदाराने पोलिसांना फोन केला, पोलिसांनी इस्पितळाची गाडी मागवली. ती येईपर्यंत घंटा थांबली होती आणि भिंगरी भिंतीला टेकून मुकाट बसली होती. तरी चार माणसांनी हातपाय धरून तिला इथे आणलं. चौतीस वर्षांत तिने एकही रात्र घराबाहेर काढली नव्हती.

लहानपणी स्वतःभोवती गरगर फिरायची म्हणून बाबांनी तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली, आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव सगळे विसरले. शाळा तिला झेपली नाही. एकविसाव्या वर्षी आईने तिला कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसवलं आणि मग सगळ्यांची तोंडं बंद झाली. खाली दिवा, वर काच, काचेवरून सरकणारं कापड. सुटलेला धागा, गाठ, डाग, जे दादाला चष्मा लावून दिसत नसे ते भिंगरीच्या बोटांना लागे. बोलायची कमी, पण बोलली की नेमकं. खोटं बोलणं तिला कधी जमलंच नाही, आणि त्यापायी घरातल्या प्रत्येकाची कधी ना कधी फजिती झालेली होती.

मामा शेजारी बसून सगळ्यांना धीर देत होते. हे आईचे भाऊ. पस्तीस वर्षं त्यांनी न्यायालयात काढली होती. न्यायाधीश म्हणून नव्हे, दाराबाहेर उभं राहून पक्षकारांची नावं पुकारायची, ही त्यांची नोकरी. पण इतकी वर्षं त्या दाराशी उभं राहिल्यावर कायदा आपोआप अंगात मुरतो, असं त्यांचं मत होतं, आणि ते मत ते पुकाऱ्याच्याच आवाजात मांडत. कायदा मात्र त्यांनी बरोबर सांगितला होता. तो दोन वर्षांपूर्वी बदलला. भिंगरी जशी आहे, म्हणजे ज्याला ऑटिझम म्हणतात, तो आजार नव्हे, आणि नुसत्या तेवढ्यासाठी कुणालाही अठ्ठावीस दिवसांपेक्षा जास्त कोंडून ठेवता येत नाही. पुढे ठेवायचं तर इस्पितळाने मनाचा दुसरा आजार दाखवायचा आणि तीन जणांच्या मंडळाला तो पटवून द्यायचा. पटला तर सहा महिने. मग पुन्हा सहा.

तो दुसरा आजार हे लोक आणणार कुठून, असं मामा आठ दिवस विचारत होते. कुणाकडेच उत्तर नव्हतं, म्हणून सगळ्यांना बरं वाटत होतं.

पावणेदहाला वकीलबाई आल्या. सरकारने नेमून दिलेल्या, बारीक अंगाच्या, खांद्यावर फायलींची पिशवी. इस्पितळाचे कागद त्यांना अर्ध्या तासापूर्वी मिळाले होते. त्या बसल्याही नाहीत.

"दुसरा आजार त्यांना मिळालाय," त्या म्हणाल्या. "आणि तो तुमच्याच घरातून मिळालाय."

त्यांनी झेरॉक्सचे दोन कागद दादाच्या हातात दिले. धाकटीने वाकून बघितलं. अक्षर आईचं होतं. बारीक, उजवीकडे कललेलं, प्रत्येक ओळीआधी आकडा. खोट ४१, ताट फेकलं, अर्धा तास. खोट ४२, पाहुण्यांसमोर ओरडली, दहा मिनिटं. खोट ४३, स्वतःचा हात चावला.

ही आईची वही. कारखान्यात तपासणीच्या टेबलावर एक खोटवही असते. कापडातला दोष म्हणजे खोट. दोष सापडला की त्याला आकडा द्यायचा आणि एका ओळीत लिहायचा. आजोबांपासूनची पद्धत. आईने जन्मभर त्या टेबलावर काम केलं, आणि मुलीचं काय चाललंय ते लिहून ठेवावं असं वाटलं तेव्हा तिला लिहायची तेवढी एकच रीत येत होती. घरात या वहीचं कुणाला नवल नव्हतं. आई जाऊन दोन वर्षं झाली, वही तिच्या पेटीत होती.

वकीलबाईंना एकच हवं होतं. वही इस्पितळाकडे कुणी दिली? न विचारता उचलली असेल तर त्यांना हरकत घेता येणार होती.

दादाने मान वळवून वहिनींकडे बघितलं. आईच्या पेटीची किल्ली वहिनींकडे असते. वहिनी प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. मामा म्हणाले, शोधून काढू, सोडणार नाही. आणि धाकटी, जिने तिसऱ्या दिवशी पेटी उघडून ती निळी वही काढली होती आणि स्वतःच्या हाताने डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली होती, ती मूग गिळून बसली.

ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथे बाटलीवर नोंद नसेल तर आतलं रक्त फेकून देतात. नोंद असलेली बरी, हे तिच्या अंगवळणी पडलेलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले होते की आम्हाला हिच्याविषयी काहीच माहीत नाही, आणि तिला वाटलं, आईपेक्षा कोण जास्त सांगणार? तिने वही दिली आणि वर म्हणाली, यात सगळं आहे, वाचलंत की ती तुम्हाला कळेल.

मंडळाआधी दहा मिनिटं भेट मिळाली.

खोलीत एक टेबल, चार खुर्च्या, दारात परिचारिका. वर ट्यूबलाइट गुणगुणत होती, आणि धाकटीला भिंगरी यायच्या आधीच त्या ट्यूबचा राग आला. घरी भिंगरीच्या खोलीत साधा पिवळा दिवा असतो.

भिंगरी आली ती पाय ओढत. गालांची हाडं वर आलेली, औषधांनी जीभ जड, हनुवटीवर ओल. अंगावर इस्पितळाचे कपडे आणि खांद्यावर करडी चादर, ती तिने काढू दिली नव्हती. ती बसली आणि तिचा अंगठा चादरीच्या काठावरून चालायला लागला.

"इथे धागा सुटलाय," ती म्हणाली. "इथे. इथे पण."

दादाने तोंड फिरवलं. मामा म्हणाले, बाळा, आम्ही आलोय ना, आणि त्यांच्या आवाजाने ती दचकून दोन्ही कान दाबून बसली. मामांनी ओशाळून स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. पस्तीस वर्षांत त्या आवाजाला कुणी गप्प केलं नव्हतं.

थोड्या वेळाने तिने हात खाली घेतले. "आज सत्तावीस. उद्या अठ्ठावीस. मग घरी."

तिने विचारलं नव्हतं. तिला कुणीतरी कायदा सांगितला होता, आणि कायद्यात लिहिलंय म्हणजे तसंच होणार. रविवारनंतर सोमवार येतो तसंच. उद्या दार उघडलं नाही तर तिच्या डोक्यात काय होईल? ती ओरडेल. ती ओरडली की चार माणसं येतील. आणि त्या ओरडण्यालाही कुणीतरी आकडा देईल.

मामांनी दबक्या आवाजात हो म्हटलं. भिंगरीने उघड्या दारातून बाहेर बोट केलं. बाहेर पिवळा स्वेटर घातलेला एक माणूस भिंतीला खांदा घासत चालला होता, टोकाला जाऊन वळत होता, परत येत होता.

"त्याला सहा महिने सांगितले होते," ती म्हणाली. "नऊ वर्षं झाली."

परिचारिकेने घड्याळ बघितलं. उठता उठता भिंगरी धाकटीच्या बाहीकडे बघत म्हणाली, आईची वही डॉक्टरांच्या टेबलावर आहे, निळी, ती परत आण. भिंगरी कधीच कुणाच्या डोळ्यांत बघत नाही, त्यामुळे वही कुणी दिली ते तिला माहीत आहे की नाही, हे धाकटीला कळायला मार्ग नव्हता.

बाहेर आल्यावर दादाने धाकटीला पाण्याच्या यंत्रापाशी ओढलं. खिशातून घडी घातलेला कागद काढला. संमतीपत्र. आईनंतर कायद्याच्या लेखी भिंगरीचा जवळचा नातलग तो. त्याने सही केली की सहा महिने, आणि मंडळही मग फार खोदत बसत नाही. डॉक्टरांनी चार दिवसांपूर्वी दिला होता, विचार करा म्हणून. विचार तो चार दिवस खिशात घेऊन फिरत होता.

तो भराभरा बोलत होता. पुढच्या वेळी वहिनीऐवजी रस्त्यावरचं एखादं मूल असलं तर? ती स्वतःच ट्रकखाली गेली तर? आपण दिवसभर कामात, आई आता नाही. मी वाईट भाऊ आहे का, असंही त्याने विचारलं आणि उत्तराला थांबला नाही. दादा लहानपणापासून घाबरला की असाच बोलतो. धाकटीला त्याचा राग येत होता आणि त्याचं खरंही वाटत होतं, कारण हीच भीती तिच्याही मानेवर बसलेली होती.

मग त्याने आवाज खाली आणला.

"वही तुझ्या वहिनीनेच दिली असणार. किल्ली तिच्याकडे. हात तिचा मोडलाय, मी तिला कुठल्या तोंडाने बोलू? पण तिलाच भिंगरी घरात नको असेल, तर मी कुणाच्या जिवावर आणू? बोल ना."

आता नेमकं सांगायला हवं होतं. धाकटीने तोंड उघडलं. दादा एकदा वहिनींशी दोन महिने बोलला नव्हता, तेही पडद्यांच्या रंगावरून. तिच्याशी जन्मात बोलणार नाही. तिने नुसतं म्हटलं, "सही करू नकोस रे, थांब जरा," आणि त्याने विचारलं, का थांबू? तेवढ्यात दार उघडलं आणि शिपायाने आतून हळूच भिंगरीचं नाव घेतलं. मामांना ते पटलं नाही. त्यांनी सवयीने छाती भरून घेतली आणि नाव असं पुकारलं की खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी हातून काहीतरी पडलं. एरवी धाकटी हसली असती.

मंडळाची खोली म्हणजे एरवीची सभेची खोली असावी. लांब टेबल, एका कोपऱ्यात रचलेल्या खुर्च्या, बंद न होणारी खिडकी. मध्ये अध्यक्षबाई, निवृत्त न्यायाधीश. एका बाजूला बाहेरून बोलावलेले डॉक्टर, दुसऱ्या बाजूला एक निवृत्त शिक्षक. भिंगरी दाराजवळच्या खुर्चीवर चादर घेऊन बसली. वकीलबाईंनी खोलीतली ट्यूब बंद करून घेतली. आल्यापासून कुणी भिंगरीसाठी केलेली ती पहिली चांगली गोष्ट होती.

इस्पितळाचे डॉक्टर काही दुष्ट माणूस नव्हते. तसे असते तर सोपं झालं असतं. डोळ्यांखाली काळं, शर्टाच्या खिशाला शाई, तीन वॉर्ड एकट्याने बघणारा माणूस. ते शांतपणे बोलत होते आणि प्रत्येक वाक्यासरशी धाकटीला वाटत होतं की एकेक दार लागतंय. नुसता ऑटिझम असता, ते म्हणाले, तर मध्ये मध्ये बरे दिवस दिसले असते. कशाने तरी बिघडलं, मग सावरलं, असं दिसलं असतं. इथे तसं नाही.

"आईने स्वतः केलेली ही सलग एकशे सत्त्याऐंशी दिवसांची नोंद आहे. रोजचा एक आकडा. यात शांत गेलेला एकही दिवस नाही. हा वेगळा आजार आहे, गंभीर आहे, आणि अशा अवस्थेत तिला घरी पाठवणं मला धोक्याचं वाटतं."

धाकटीला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. यांनी आकड्यांना दिवस समजलं होतं. वहीत तारखा नव्हत्याच. खोटवहीत तारीख कधी नसते, तारीख ताग्याच्या चिठ्ठीवर असते. घरात हे पाळण्यातल्या पोराला माहीत, म्हणून कुणाला ते सांगावंसंही वाटलं नव्हतं.

अध्यक्षबाईंनी विचारलं, वही कशी मिळाली? घरच्यांनी आणून दिली, डॉक्टर म्हणाले. यात सगळं आहे, असं सांगून दिली. आणि ते धाकटीकडे बघायला लागले, तर दादा वहिनींकडे बघत होता. त्याने खिशातला कागद काढून गुडघ्यावर ठेवला होता आणि पेनाचं टोपण काढलं होतं. वहिनींना ते पेन दिसलं. तरीही त्या गप्पच राहिल्या, आणि त्या का गप्प आहेत ते धाकटीला एकदम उमगलं. वहिनींना पहिल्यापासून माहीत होतं. पेटीची किल्ली त्यांनीच धाकटीला दिली होती, कशाला हवी असं न विचारता. त्या सकाळपासून तिला पाठीशी घालत होत्या.

धाकटी उभी राहिली. तिने समोरची खुर्ची धरली.

"वही मी दिली. वहिनींनी नाही. यात सगळं आहे, हे मीच म्हणाले, आणि ते चूक आहे. यात सगळं नाही. आमच्याकडे चांगलं कापड लिहीत नाहीत."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. समजलं नाही, त्या म्हणाल्या, पण रागावून नाही. धाकटीने सांगायचा प्रयत्न केला. एक तागा म्हणजे शंभर हात कापड. त्यात एक गाठ सापडली तर वहीत एक ओळ. उरलेलं कापड चांगलं, तर त्याचं काय लिहायचं? नुसती वही वाचली तर वाटेल की या कारखान्यात सगळ्या गाठीच विणतात. आईने मुलीचं तसंच लिहिलं. रोज नाही, खोट दिसली तेव्हाच. ती बोलत होती आणि आपलं बोलणं किती पोकळ वाटतंय ते तिला ऐकू येत होतं. बाहेरून आलेल्या डॉक्टरांनी विचारलंच, की मग हे एकशे सत्त्याऐंशी किती दिवसांतले, आणि ते आम्ही कशावरून मानायचं?

"मी सांगते," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी डाव्या हाताने वही मागून घेतली. पहिलं पान उघडलं आणि वाचलं: खोट १, नवी सून घरात आली, कपाटात जाऊन बसली, दोन तास. मग शेवटचं लिहिलेलं पान. खोट १८७, मला दवाखान्यात नेताना दारात आडवी पडली, हलेना.

"पहिली खोट माझ्या लग्नाच्या दिवसाची, लग्न सासरीच होतं," वहिनी म्हणाल्या. "त्याला तेरा वर्षं झाली, दाखला आहे. शेवटची सासूबाईंना नेलं त्या सकाळची. ती त्यांनी दवाखान्यातच लिहिली; वही परत आली, त्या आल्या नाहीत. त्याला दोन वर्षं, त्याचाही दाखला आहे. मधली अकरा वर्षं आहेत ही. आणि त्या दोन तासांत मी कपाटाबाहेर बसले होते, ते इथे नाही. हिने फटीतून बोट बाहेर काढून माझ्या कपड्यांचा काठ चाचपला आणि म्हणाली, इथे धागा सुटलाय. सुटलाच होता. त्या दिवशी त्या घरात माझ्याशी बोललेली पहिली ही. माझा नवरा तर लग्नाला अजून पोहोचलाही नव्हता."

शिक्षकांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात लपवलं. वहिनी हसल्या नाहीत. मनगटाचंही सांगते, त्या म्हणाल्या. मी दार अडवलं. कान फाटत असताना माणूस बाहेर पळतो, मीही पळाले असते. मला तिने मारलं नाही.

अध्यक्षबाई भिंगरीकडे वळल्या आणि सावकाश विचारलं, तुला काही सांगायचंय? भिंगरीचा अंगठा काठावर थांबला.

"घंटा कधी वाजणार ते आधी सांगा. मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहीन. संपली की परत येईन."

इतकंच. अकरा मिनिटं, चार माणसं, सत्तावीस दिवस, आणि उत्तर एवढंसं होतं. दादाने गुडघ्यावरचा कागद उचलला. त्याने त्याची घडी घातली, पुन्हा घडी घातली, इतक्यांदा की तो मुठीत मावला.

"सांगायचं मला होतं," तो टेबलाकडे बघत म्हणाला. "मी विसरलो. मी तिला घरी नेतो."

चाळीस मिनिटं बाहेर बसवून मंडळाने निकाल वाचून दाखवला. दुसरा आजार आजच्या घडीला सिद्ध होत नाही. उद्यानंतर ठेवता येणार नाही. मामांनी धाकटीचा खांदा इतक्या जोरात दाबला की ती कळवळली. पण निकाल तिथे संपला नव्हता. डॉक्टरांची काळजी मंडळाने नोंदवून घेतली होती. बारा आठवडे घरच्यांनी रोजची नोंद ठेवायची, तारीख घालून. दर सोमवारी इस्पितळाची परिचारिका येऊन ती वाचणार. काही गंभीर आढळलं तर पुन्हा आणता येईल आणि अठ्ठावीस दिवस नव्याने मोजले जातील. वकीलबाई म्हणाल्या, यापेक्षा चांगलं आज मिळणार नव्हतं. पायऱ्या उतरताना दादा धाकटीशी एक शब्द बोलला नाही. गाडीपाशी आल्यावर त्याने तिच्यासाठी मागचं दार उघडून धरलं, तेही दुसरीकडे बघत.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंगरी घरी आली. चादर तिने इस्पितळातच घडी घालून ठेवली, धागे सुटलेला काठ वर करून. घरात शिरल्यावर ती प्रत्येक खोलीच्या भिंतीला हात लावून आली, चार घास जेवली, पिवळ्या दिव्याखाली बसली. वहिनींनी तिच्यापुढे कापडाचा एक तुकडा ठेवला आणि त्या तिथून उठल्या. सगळं घर पाय न वाजवता चालत होतं.

चार वाजता वरच्या मजल्यावर कुणीतरी भिंतीला ड्रिल लावलं.

दादा अनवाणी जिना चढून धावला, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. भिंगरी ओरडत होती, डोकं भिंतीवर आपटत होती, मध्ये उशी धरलेल्या धाकटीचे हात तिच्या धक्क्यांनी बधिर झाले होते. ड्रिल थांबल्यावरही ते थांबायला वेळ लागला. भिंगरीने स्वतःचं मनगट चावलं, त्यावर दातांचे वण उमटले. मग ती जमिनीवर बसली, पाणी प्यायली आणि पुन्हा कापड हातात घेतलं.

संध्याकाळी नवी वही उघडायची वेळ आली तेव्हा तिघं टेबलाभोवती उभे होते. मामा फोनवर, आणि फोन कानापासून हातभर लांब धरूनही त्यांचं सगळ्यांना ऐकू येत होतं. न विचारलेलं बोलायचं नसतं, हे ते पस्तीस वर्षं बघत आले होते. ड्रिलचं लिहू नका. दादालाही तेच वाटत होतं. कालपासून तो पहिल्यांदा धाकटीशी थेट बोलला. "तू एकदा दिलीस वही. पुन्हा नको." त्यात राग कमी आणि भीती जास्त होती. वहिनी म्हणाल्या, मनगटावरचे वण सोमवारपर्यंत जातील थोडेच? ते बघून परिचारिका विचारेल, आणि ही खरं ते सांगेल.

धाकटीचं पेन कागदावर अडलं होतं. लिहावं तर कागद त्यांच्या हातात, न लिहावं तर खोटेपणा त्यांच्या हातात. भिंगरी मागे येऊन कधी उभी राहिली ते कुणाला कळलं नाही. ती वहीकडे बघत होती.

"वीस मिनिटं ओरडले," ती म्हणाली. "लिही. आणि बाकीचंही लिही. सगळा तागा लिही."

मग धाकटीने सगळा तागा लिहिला. तारीख घातली. बाराला घरी आली. भिंतींना हात लावले. चार घास जेवली, वाढून घेतलं नाही. दीड तास कापड बघितलं, दोन गाठी काढून दाखवल्या. वरच्या मजल्यावर ड्रिल, कुणी कळवलं नव्हतं, वीस मिनिटं ओरडली, डोकं आपटलं, मनगट चावलं. पाणी प्यायली. वहिनींना म्हणाली, प्लास्टरची कड सुटलीय. दादाने खाली आल्यावर विचारलं, बरं आहे का, तर म्हणाली, नाही. सव्वासहाला म्हणाली, आता आहे. एकोणीस ओळी झाल्या. घरात कुणी कुणाबद्दल इतकं कधी लिहिलं नव्हतं.

तिने वही जरा लांब धरली, सोमवारी परिचारिका धरेल तशी, आणि आपण ती पहिल्यांदाच वाचतोय असं मनाशी धरून पानावर नजर टाकली. नजर पहिल्या ओळीवर गेली नाही. ती सरळ ड्रिलवर, मनगटावर, त्या वीस मिनिटांवर जाऊन बसली. तिने डोळे मिटून पुन्हा उघडले, आणि नजर पुन्हा तिथेच गेली.